बंद कानांचे राखणदार

सिंगापूरच्या पुंगोलमधल्या मराठी घरांत गाणी सतत वाजतात आणि नवीन असं जवळजवळ काहीच ऐकलं जात नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग लपवण्याची मला गरज वाटत नाही. ज्या घरात दर शनिवारी सकाळी तीच नाट्यपदं, तीच भावगीतं आणि त्याच चार गायकांचे तेच अभंग लागतात, त्या घराला संगीताची आवड आहे असं मी मानत नाही. त्या घराला सवय आहे. आवड असलेला माणूस शोधतो. काही सापडलं की त्याला चैन पडत नाही. तो शेजारच्याचं दार वाजवतो आणि म्हणतो, बस, हे ऐक. आपण हे दार वाजवणं सोडून दिलं आणि त्या आळसाला 'संस्कृती जपणं' असं भारदस्त नाव दिलं.

पुढचा प्रसंग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जमतात. जेवणं होतात, गाणी लागतात. कुणीतरी हौसेने नुकतंच सापडलेलं काहीतरी लावतं. ते मलय असेल, तुर्की असेल, मालीमधल्या कोरा वाद्याचं असेल, नाहीतर जुन्या जॅझचा एखादा तुकडा असेल. अर्ध्या मिनिटात खोलीतली बडबड वाढते. एक जण विचारतो, "अर्थ तरी कळतो का तुला ह्याचा?" दुसरी म्हणते, "सगळं सारखंच वाटतंय गं." तिसरा स्वतःला जाणकार समजणारा असतो. तो भीमसेनांचं नाव काढतो, जसा काही भीमसेनांवर कुणी हल्लाच केला आहे. शेवटी निकाल लागतो, "बरं, आता आपलं काहीतरी लाव." ज्याने ते गाणं आणलेलं असतं तो मुकाट्याने फोन खिशात ठेवतो आणि त्या खोलीत पुन्हा कधी काही लावत नाही. तो घरातलाच मुलगा असेल तर घरातही लावत नाही. पुढे हेच लोक तक्रार करतात की हल्लीची मुलं कानात इअरफोन खुपसून बसतात, आमच्याशी बोलत नाहीत. बोलत होती ती. तुम्ही त्यांना गप्प केलंत.

अर्थ कळतो का, हा प्रश्न विचारणारे तराण्याला मान डोलावताना अर्थ विचारत नाहीत. ब्रज भाषेतल्या बंदिशींचे निम्मे शब्द त्यांना कधीच कळलेले नसतात. कर्नाटकातल्या दासांची पदं भीमसेनांनी गायली तेव्हा कन्नड न येणारे लाखो मराठी लोक ती ऐकत बसले, कारण आवाज आपल्या माणसाचा होता. तेव्हा अडचण भाषेची नाही. परक्याने काही सुंदर केलं असेल हे कबूल करण्याची तयारी नाही, ही अडचण आहे.

आणि आपण राहतो कुठे? १९९६ मध्ये 'पुंगोल २१' ही योजना जाहीर झाली आणि जिथे मासेमारांची गावं, कोंबड्या-डुकरांचे वाडे होते तिथे हे गाव मुद्दाम आखून वसवलं गेलं. सिंगापूर सरकारने १९८९ पासून सरकारी वसाहतींच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय व इतर यांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, म्हणजे एकाच जमातीची वस्ती कुठे साचू नये. परिणाम असा की आपल्या एकाच मजल्यावर तीन-चार भाषांची गाणी नांदतात. खालच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, मलय लग्न असलं की कोम्पांग या हातातल्या डफांचा ताफा नवरा-नवरीला घेऊन येतो. चिनी चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात वस्त्यांच्या मोकळ्या जागांवर मांडव पडतात आणि त्यांत गेताई नावाचे गाण्यांचे कार्यक्रम होतात. पहिली रांग मृतात्म्यांसाठी रिकामी ठेवलेली असते आणि मागे ज्याला वाटेल त्याने बसायचं असतं. तिकीट नाही, निमंत्रण नाही. मराठी माणूस तिथून लिफ्टकडे जाताना खिडक्या बंद करायला हव्यात एवढाच विचार करतो. जगातल्या फार थोड्या गावांना अशी सोय मिळते. आपल्याला ती मिळाली आणि आपण तिचा आवाज म्हणून त्रास मानला.

'ते त्यांचं, हे आपलं' असं ज्यांना वाटतं त्यांना मला एक हकीकत सांगायची आहे. ती कळल्यावरही जर कुणी आपलं-परकं म्हणत राहिला, तर त्याला संगीताशी काही देणंघेणं नाही असंच मी समजेन.

पुंगोल पॉइंटच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे मलेशियातलं जोहोर दिसतं. त्या जोहोरमध्ये 'गझल' नावाचा गायनप्रकार आहे. गाणं मलय भाषेतलं असतं. साथीला गांबुस हे अरबी घराण्यातलं तंतुवाद्य, व्हायोलिन, गिटार, आणि त्यांच्याबरोबर चक्क हार्मोनियम आणि तबला. डोळे मिटून ऐकलं की पहिल्याच ठेक्याला मराठी कान टवकारतात, कारण पेटीचा तो भरणा आणि तबल्याची ती चाल आपल्या ओळखीची असते. मलय सूर तिच्यावरून अशा लगावाने जातो की आपल्याकडचं कुठलंही नाव त्याला देता येत नाही. मला हा प्रकार सापडला तेव्हा भेटेल त्याला मी तो ऐकवत सुटले. सर्वांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर होतं, "छान आहे, पण आपल्यासारखं नाही." हे वाक्य बोलणाऱ्याला माहीत नसतं की ह्या गाण्यात आपल्या मुंबईचा किती अंश आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या बोटीने दूरदूर जात. १८७० च्या दशकात त्या पेनांगला पोचल्या. तिथल्या लोकांना ते नाटक, ते पडदे, ती गाणी इतकी भावली की १८८५ च्या सुमारास पेनांगमध्ये मलय भाषेतली व्यावसायिक नाटक मंडळी उभी राहिली. ह्या रंगभूमीला बांगसावान म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या नाटकांत 'इंद्रसभा' होतं. पेटी-तबला घेऊन ही मंडळी मलाया, सिंगापूर, सुमात्रा असा प्रवास करत राहिली आणि हिंदुस्तानी चाली त्या भागाच्या कानांत मुरवत राहिली.

आता पुण्याकडे या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीचं उर्दू 'इंद्रसभा' पाहिलं आणि असं गाण्याने भरलेलं नाटक मराठीत का असू नये, ह्या विचाराने ते पेटून उठले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं. म्हणजे ज्या नाट्यसंगीताला आपण मराठी मनाचा शुद्ध अर्क समजतो, त्याची पहिली ठिणगी एका परभाषेतल्या, परधर्मीयांच्या नाटकाने टाकली. ज्या रंगभूमीने पुण्यात ही ठिणगी टाकली, तिनेच पेनांगमध्येही टाकली. नाट्यपद आणि बांगसावानचं गाणं ही सख्खी चुलत भावंडं आहेत. एक भावंड आपण देव्हाऱ्यात ठेवलं आणि दुसरं शेजारच्या दाराआड गात असताना, "हे आपलं नाही, बंद कर" म्हणालो.

ही साखळी इथे तुटत नाही. सुमात्रातल्या बुकितिंगीत १९०७ मध्ये जन्मलेला झुबिर सईद नावाचा तरुण १९२८ मध्ये सिंगापुरात आला. वडिलांचा संगीताला विरोध होता. तो बांगसावानच्या एका मंडळीत शिरला आणि तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. पुढे त्याने असंख्य मलय चित्रपटगीतं बांधली आणि १९५८ मध्ये 'माजुला सिंगापुरा' रचलं, जे पुढच्या वर्षी सिंगापूरचं राज्यगीत झालं आणि स्वातंत्र्यानंतर ह्या देशाचं राष्ट्रगीत. आपली मुलं शाळेत रोज सकाळी ते गातात. त्या गीताचा कर्ता ज्या रंगभूमीवर तयार झाला तिची मुळं मुंबईपर्यंत जातात. पालकांपैकी कुणी हे मुलांना सांगितलं आहे का? सांगणार कसं, त्यांनी झुबिर सईदांचं दुसरं एक गाणंसुद्धा ऐकलेलं नसतं.

किंवा पी. रामली हे नाव घ्या. १९२९ मध्ये पेनांगला जन्मलेला हा गायक, नट, संगीतकार आणि दिग्दर्शक सिंगापूरच्या जालान आंपास रस्त्यावरच्या शॉ बंधूंच्या स्टुडिओत घडला. त्या स्टुडिओतले सुरुवातीचे कितीतरी दिग्दर्शक भारतातून आलेले होते. त्याला पडद्यावर पहिली संधी देणारे बी. एस. राजहंस त्यांतलेच. १९५६ चा 'हांग तुआ' दिग्दर्शित केला फणी मजुमदारांनी. हेच ते मजुमदार, ज्यांच्या १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'मधल्या सैगलच्या भैरवीवर आपल्या आजोबांची अख्खी पिढी जीव टाकत होती. रामलीच्या गाण्यांत मलय जोगेत आहे, लॅटिन रुंबा आहे, जॅझ आहे आणि हिंदी चित्रपटांतून आलेल्या लकबीही आहेत. परगावी अडकलेल्या माणसाला ईदच्या दिवशी घराची जी हुरहूर लागते तिच्यावरचं त्याचं 'देंदांग परांताऊ' हे गाणं दर ईदला मलय घरांतून ऐकू येतं. गणपतीत घरापासून दूर असलेल्या मराठी माणसाला ह्याहून जवळचं गाणं कोणतं? तरी ते गाणं भिंतीपलीकडेच राहतं.

आता घरच्या मंडळींचा समाचार घेते. 'परंपरा, परंपरा' असा घोष करणाऱ्यांना आपल्या परंपरेतल्या माणसांची चरित्रं तरी माहीत आहेत का? किर्लोस्करांनंतर पाहा. 'मानापमान' १९११ मध्ये आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग ओतला. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली देणारे भास्करबुवा बखले बडोद्याच्या फैज महंमद खाँकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, नत्थन खाँकडे आग्र्याची, आणि पुढे वयाने आणि कीर्तीने मोठे झाल्यावरही अल्लादिया खाँसाहेबांसमोर शिष्य म्हणून बसले. एकाच घराण्याची कवाडं लावून बसण्याची चैन त्यांना परवडली असती, पण ती त्यांना नको होती. ज्या पेटीशिवाय आपलं एकही नाट्यपद उभं राहत नाही, ती पेटी पॅरिसच्या एका कारागिराने १८४२ मध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याची लेक आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने ती परकी म्हणून हाकलली आणि सुमारे तीन दशकं बाहेर ठेवली. तेव्हाही शुद्धतेचे राखणदार होतेच. आज त्यांचं नाव कुणी घेत नाही आणि पेटी घरोघर वाजते आहे.

मुंबईत गिरगावात बी. आर. देवधर मास्तरांची संगीतशाळा १९२५ मध्ये सुरू झाली. मास्तर विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण पाश्चात्त्य संगीतही रीतसर शिकलेले. कुठल्याही घराण्याचा गवई, कुठलाही फकीर, कुठलाही विक्षिप्त कलावंत त्यांच्याकडे यायचा, गायचा, राहायचा, आणि मास्तर ऐकून घ्यायचे, लिहून घ्यायचे, इतरांना ऐकवायचे. त्या घरात लहानगा कुमार गंधर्व वाढला. पुढे क्षयाने गाणं थांबलं आणि देवासला अंथरुणावर पडून राहावं लागलं तेव्हा हाच कुमार माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिला, टिपत राहिला, आणि उठल्यावर त्याने ती रंगमंचावर आणली, त्या धुनांतून नवे राग काढले. त्या काळच्या जाणकारांनी त्याला काय काय नावं ठेवली ते जुन्या लोकांना आठवत असेल. आज त्याच कुमारजींचं नाव घेऊन जे लोक मुलांच्या नव्या गाण्यांना झिडकारतात, त्यांना कुमारजी कळलेच नाहीत. त्यांनी फक्त निर्गुणी भजनं पाठ केली.

पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेटकडून ट्रम्पेट वाजवून घेतली. भेंडीबाजारच्या अमान अली खाँनी दक्षिणेचा हंसध्वनी उचलून मुंबईत असा गायला की तो आता आपलाच वाटतो. अब्दुल करीम खाँनी त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. आपल्या संगीताचा कुठलाही टवका काढून पाहा, त्याच्या आत कुणीतरी परक्या सुरावर भाळलेला आणि तो सूर चार लोकांना ऐकवल्याशिवाय ज्याला झोप आली नाही असा माणूस सापडेल. ही हाव आणि हे औदार्य हीच परंपरा आहे. चाली तिची फळं आहेत. तुम्ही फळं बरणीत घालून झाकण लावलंत आणि झाड तोडलंत.

दडवून ठेवणारेही आपल्याकडे होते, हे मला ठाऊक आहे. रागाचं नाव विचारलं तर खोटं सांगणारे, शिष्य सोडून कुणी ऐकत असेल तर अस्ताई अर्धवट गाणारे उस्ताद होते. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, विद्या हीच त्यांची इस्टेट होती, हे मी समजू शकते. पण विष्णु नारायण भातखंडे नावाचा मुंबईचा एक वकील त्यांच्या दारोदार फिरला, विनवण्या केल्या, लिहून घेतलं, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या वर बंदिशी छापून कुणालाही मिळतील अशा करून टाकल्या. भातखंड्यांच्या मतांशी भांडायला जागा आहे आणि लोक भांडतातही. पण त्यांनी केलेली वाटणी नसती तर कितीतरी बंदिशी त्यांच्या मालकांबरोबर कबरीत आणि चितेवर गेल्या असत्या. आज आपल्याला गाणं ऐकवायला ना दारोदार फिरावं लागतं, ना कुणाची हुक्का-चिलीम भरावी लागते. तरी आपण दडवून बसतो, आणि आपलं पोटही त्यावर अवलंबून नाही. आपलं कारण फक्त एवढंच की कुणी हसेल.

आणि आता केसरबाई. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, अल्लादिया खाँची विद्या मिळवण्यासाठी आयुष्य घासलेल्या. आपलं गाणं कुणी टिपून घेऊ नये याबाबत त्या कमालीच्या दक्ष होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची तबकडी पाठवायचं ठरवलं तेव्हा रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीचा आग्रह धरला. ती तबकडी बाजारात मिळत नव्हती. ती शोधायला लोक न्यूयॉर्कभर हिंडले आणि अखेर लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघालं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

आपण मराठी लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतो. तिच्यातला दुसरा भाग मात्र गाळतो. केसरबाईंना तिथे पोचवणारा माणूस मराठी नव्हता, भारतीयही नव्हता. त्याला परक्यांच्या संगीताचं वेड होतं आणि ते वेड त्याने आपल्यापाशी ठेवलं नाही. ह्याच ब्राउनने योग्यकर्त्याच्या राजवाड्यात ध्वनिमुद्रित केलेलं जावाचं गामेलान त्याच तबकडीवर आहे. चिनी गुचिन वाद्यावरचं कुआन पिंगहूंचं वादनही तिथेच आहे. बाख आहे, चक बेरी आहे, अझरबैजानचं वाद्य आहे. म्हणजे आपल्या पुंगोलच्या मजल्यावरचीच वस्ती त्या तबकडीवर आहे. केसरबाई, जावा आणि चीन एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून चाललेत. त्यांना तिथे एकमेकांची अडचण होत नाही. आपल्याला इथे होते.

आता आक्षेप. सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप आयांचा असतो. मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, दुसरी भाषा म्हणून हिंदी किंवा आणखी काही घेतात, आजी-आजोबा दूर. निदान घरात तरी मराठी गाणी कानावर पडू देत. मी ह्या काळजीची खिल्ली उडवणार नाही. ती खरी आहे. पण उपाय चुकला आहे. मुलाला कोरियन गाणं आवडलं आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत, की त्याच्या लेखी मराठी गाणं म्हणजे घरातली सक्ती झाली. त्याऐवजी त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐका, त्यात काय आवडलं ते त्याला विचारा, आणि मग म्हणा, आता माझं ऐक. ह्या देवाणघेवाणीत मराठी टिकेल. मनाई करून जगात कुठलीच भाषा मुलांना गोड लागलेली नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. दहा ठिकाणी तोंड घालणारा कुठेच खोल जात नाही म्हणे. उथळ उत्साह असतो, हे मीही मान्य करते. आज तिबेट, उद्या ब्राझील आणि परवा सगळं विसरलं, असे लोक मलाही भेटतात. पण त्याचं औषध दार बंद करणं हे नाही. सापडलेल्या गाण्यापाशी जास्त वेळ थांबणं हे त्याचं औषध आहे. भास्करबुवा तीन घराणी शिकले म्हणून उथळ झाले काय? उलट ज्याने गामेलानची आवर्तनं ऐकली आहेत त्याला आपल्या विलंबित एकतालाच्या समेचं वजन अधिक कळतं. जोहोरची गझल ऐकल्यावर बालगंधर्वांच्या लहान ताना मला नव्याने ऐकू आल्या. जो एकच आवाज आयुष्यभर ऐकतो त्याला तो आवाजही नीट कळत नाही, कारण त्याच्याजवळ मोजमाप नसतं. खोली तुलनेतून येते आणि तुलनेला दुसरं काहीतरी ऐकलेलं असावं लागतं.

तिसरं म्हणे, आम्ही तर रोज पाठवतो गाणी. हो, पाठवता. सकाळी उठल्यावर चाळीस लोकांच्या गटात, स्वतः न ऐकता, दुसऱ्या गटातून आलेलं तसंच्या तसं ढकलता. ह्याला मी ऐकवणं म्हणत नाही. ऐकवणाऱ्याने आधी ऐकलेलं असतं. कुणाला ऐकवायचं हे त्याने निवडलेलं असतं. कुठल्या जागेवर लक्ष द्यायचं हे तो सांगतो, गाणं चालू असताना गप्प बसतो, आणि संपल्यावर समोरच्याचं मत, अगदी नापसंतीसुद्धा, ऐकून घेतो. ज्यात स्वतःला थोडं उघडं करावं लागत नाही त्या पाठवण्याने कुणाच्या आयुष्यात एकही सूर येत नाही. आणि फोनमधलं यंत्र जे 'तुम्हाला आवडेल' म्हणून पुढे करतं, ते कालच्याच आवडीचा पुढचा तुकडा असतो. जे तुम्ही मागितलंच नसतं ते फक्त माणूसच हातात ठेवू शकतो.

गाणं कशाने मरतं आणि कशाने जगतं हे ह्याच बेटावर पाहता येतं. १९७९ मध्ये मँडरिन बोला ही सरकारी मोहीम सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज बोलींतले कार्यक्रम रेडिओ-टीव्हीवरून गेले. लियांग वर्न फूक ह्या नामवंत गीतकाराच्या एका गाण्यात कँटोनीज ओळी होत्या म्हणून ते दोन दशकांहून अधिक काळ प्रसारणाबाहेर राहिलं. २०१३ मध्ये ती बंदी उठली. ज्या सिनयाव चळवळीतून तो पुढे आला ती तर ऐंशीच्या दशकात महाविद्यालयीन मुलांनी एकमेकांना गिटारवर स्वतःची गाणी ऐकवून उभी केली. आणि बंद झालेल्या बोलींची गाणी जगली ती गेताईच्या त्या मांडवात, जिथे कुणीही येऊन बसू शकतं. सरकारची बंदी जे मारू शकली नाही ते लोकांनी एकमेकांना ऐकवत राहून जगवलं. आपल्या गाण्यांवर कुणाचीही बंदी नाही. तरी ती आकसत चालली आहेत, कारण त्यांच्याभोवती पहारा आहे आणि पहारेकरी आपणच आहोत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती मी मराठी मंडळींपुढे उघड ठेवते. आपल्या मैफलींच्या, दिवाळी पहाटेच्या, गणपतीच्या कार्यक्रमांत एक तरी वेळ अशा माणसाला द्या, ज्याला काहीतरी नवं सापडलं आहे, मग ते कुठल्याही भाषेतलं, कुठल्याही प्रकारचं असो. जोहोरच्या गझलवाल्यांना बोलवा आणि त्यांच्या पेटीशेजारी आपली पेटी मांडा. शेजारच्या मकचिकला, म्हणजे मलय काकूंना, विचारा की त्यांच्या लग्नात कोण गायलं होतं, त्या सांगतील. गेताईच्या मांडवात जाऊन मागच्या रांगेत बसा. आणि पोरगं फोन पुढे करून "आई, हे ऐक ना" म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि गाणं संपेपर्यंत तोंड उघडू नका. आवडलं नाही तर तसं सांगा, कारणासह सांगा, आणि दुसरं लावायला सांगा.

एवढंही जमत नसेल तर भीमसेन, कुमार आणि केसरबाई यांची नावं आपल्या आळसाच्या बचावासाठी वापरणं बंद करा. ती माणसं ऐकणारी होती. त्यांचा वारसा सांगायचा अधिकार ऐकणाऱ्यांनाच आहे.